विटाळाच्या हिशेबात नसलेले महिने

रजस्रावाविषयीचा रूढ धर्मविचार हा मुख्यतः रक्ताच्या असण्याचा विचार आहे. स्राव झाला की विटाळ आणि तो थांबून स्नान झाले की शुद्धी, अशी स्त्रीदेहाची वाटणी करणाऱ्या या विचारात पाळी न येण्याला स्थानच नाही, किंबहुना ती अवस्था त्याच्या लेखी शुद्धच ठरते. मधुमेह आणि इन्सुलिन-प्रतिरोध यांचा पाळीशी असलेला संबंध समोर ठेवला म्हणजे ही उणीव स्त्रियांना किती महागात पडते ते कळते.

इन्सुलिन-प्रतिरोध म्हणजे स्वादुपिंडातून स्रवणाऱ्या इन्सुलिनला शरीरातील पेशींनी पुरेशी दाद न देणे. ही उणीव भरून काढण्यासाठी स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन सोडते, त्यामुळे तपासणीत साखर कित्येक वर्षे ठीक दिसते. परंतु वाढलेले इन्सुलिन बीजांडकोशाला अँड्रोजेन, म्हणजे पुरुषी संप्रेरके, जास्त बनवायला लावते आणि ती बांधून ठेवणारे यकृतातील प्रथिन घटवते. मग बीजपुटके अर्धवट वाढून थांबतात, बीज बाहेर पडत नाही, प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही आणि पाळी लांबते. गर्भाशयाचे अस्तर मात्र इस्ट्रोजेनमुळे वाढतच राहते, म्हणून मोठ्या खंडानंतर अतिस्राव होऊ शकतो, आणि दुर्लक्ष झाल्यास पुढे त्या अस्तराच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. स्टाइन आणि लेव्हेन्थाल यांनी 1935 मध्ये वर्णन केलेल्या आणि आज घरोघरी पीसीओडी या नावाने बोलल्या जाणाऱ्या विकारामागे पुष्कळदा हीच साखळी असते.

नागपूरकडे ज्येष्ठा गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. त्या बसण्याच्या दिवसांत पाळी येऊ नये म्हणून अनेक घरांत सुनेला ती पुढे ढकलण्याची गोळी दिली जाते आणि आंबील-पुरणपोळीचा स्वयंपाक सोवळ्यात पार पडतो. पण त्याच घरातील मुलीची पाळी तीन-चार महिने आली नाही, तर सोवळ्याला तिची दखल घेण्याचे कारण उरत नाही. तिच्या मानेवर उमटलेला काळसर, मखमली पट्टा हे इन्सुलिन-प्रतिरोधाचे ठळक बाह्य लक्षण असते, आणि तो मळ समजून रोज घासला जातो. याच भाद्रपदातील ऋषिपंचमीचे व्रत रजस्वलेकडून घडलेल्या स्पर्शदोषाच्या परिमार्जनासाठी केले जाते, म्हणजे प्रायश्चित्त आहे ते आलेल्या पाळीचे.

याला उत्तर विदर्भातच फार पूर्वी मिळाले होते. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी रजस्राव हा देहाच्या इतर द्वारांतून होणाऱ्या स्रावांसारखाच मानून त्याचा विटाळ नाकारला; त्यांच्या लीळा म्हाइंभटांनी ज्या रिद्धपुरात संकलित केल्या, ते अमरावती जिल्ह्यात आहे. चोखामेळ्याच्या पत्नी संत सोयराबाई यांनी तर देहाची उत्पत्तीच ज्यातून होते त्याला अशुद्ध कसे म्हणावे, असा रोकडा प्रश्न केला. स्राव हा देहधर्म आहे हे एकदा मान्य केले की त्याचे थांबणेही देहाचीच वार्ता ठरते आणि तिचे कारण शोधणे भाग पडते. विटाळाच्या विचारात हा शोध सुरूच होत नाही.

कारण न शोधण्याची दुसरी वाट पूर्वकर्माची आहे. पाळी बिघडलेल्या, मूल न होणाऱ्या स्त्रीला हा भोग असल्याचे आजही ऐकवले जाते. संयुत्तनिकायातील सीवकसुत्तात बुद्धांनी वेदनेची आठ कारणे सांगितली आहेत. त्यांत पित्त, कफ, वात, त्यांचा संयोग, ऋतुपालट, विषम आहारविहार आणि आघात यांच्यानंतर कर्माचा क्रम शेवटचा लागतो, आणि सर्व दुःख पूर्वकर्मातूनच येते असे म्हणणारे प्रत्यक्ष अनुभव ओलांडून बोलतात, असे ते स्पष्ट बजावतात. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या वेळी मधुमेहानेच जर्जर झालेले होते, आणि पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत त्यांनी धम्मविवेचनात निःसंदिग्धपणे नाकारला. विषम आहारविहार हे त्या सुत्तातील कारण इन्सुलिन-प्रतिरोधाच्या बाबतीत बरेचसे लागू पडते, जरी आनुवंशिकतेचा वाटा वेगळा धरावा लागतो. नियमित व्यायाम, वजनात थोडी घट आणि गरजेप्रमाणे मेटफॉर्मिन यांनी इन्सुलिनची पातळी उतरली की पुष्कळ स्त्रियांची पाळी पुन्हा सुरू होते.