चालल्याने गेलेला परत येतो काय?

गेल्या कार्तिकीला धाकटा बंधू मजकडे उतरला होता. रात्री जेवणे झाल्यावर घरातल्या एका मुलाने विलायतेतील एक हकीकत सांगितली. ती ऐकून बंधू पुष्कळ वेळ गप्प राहिला. मग एवढेच म्हणाला, "दादा, चालल्यानं गेलेलं पोर परत येतं का?" त्या रात्री मला उत्तर देता आले नाही. आज मायबाप वाचकांपुढे ते मांडून पाहतो.

हकीकत अशी. अँडी एअरी, माइक पामर आणि टिम ओवेन हे इंग्लंडातील तीन गृहस्थ. एकाचे घर उत्तरेस कंब्रियात, दुसऱ्याचे मँचेस्टरजवळ, तिसऱ्याचे पूर्वेस नॉरफोकमध्ये. नाते जुळले ते दुःखाने. तिघांच्याही तरुण मुलींनी स्वतःच्या हाताने जीव दिला होता. २०२१ च्या ऑक्टोबरात हे तिघे बाप पहिल्याच्या घरून निघून, दुसऱ्याच्या घरावरून, तिसऱ्याच्या घरी पायी गेले. १५ दिवसांत ३०० मैल. म्हणजे आळंदी-पंढरीच्या वाटेच्या जवळजवळ दुप्पट. लोकांनी त्यांच्या चालण्यापायी जे द्रव्य दिले, ते पाच लाख पौंडांवर गेले. ते सर्व त्यांनी पपायरस नावाच्या संस्थेला दिले. ही संस्था १९९७ साली मुलगा गमावलेल्या एका मातेच्या पुढाकाराने निघाली. जिवाला कंटाळलेल्या तरुण मुलांशी फोनवर बोलून त्यांना सावरण्याचे काम ती करते.

आता पूर्वपक्ष ऐका. द्रव्यच द्यायचे तर घरबसल्या पाठवावे. पाय कशाला झिजवायचे? आणि मुलीच्या नावाने चालले तर पुण्य कोणाला? बापाचे म्हणाल, तर मुलीचे नाव घेण्यात काय अर्थ? मुलीचे म्हणाल, तर जे कर्म तिने केले नाही त्याचे फळ तिला मिळाले. शास्त्रकार याला अकृताभ्यागम म्हणतात. ज्याने केले त्याचे फळ बुडाले, तर तो कृतनाश. दोन्ही दोषच. पाठशाळेत असल्या वादात मी पुष्कळ रात्री घालविल्या आहेत.

परंतु बापाचा प्रश्न पुण्याचा नसतोच. शास्त्राने तीन ऋणे सांगितली: देवांचे, ऋषींचे, पितरांचे. यज्ञाने पहिले फिटते, अध्ययनाने दुसरे, संततीने तिसरे. मुलाने बापाचे देणे लागावे हे ठरलेलेच आहे. पण मूल आधी गेले तर? बापाने त्याला जे द्यायचे राहिले, लग्नातले चार शब्द, आजारपणातले उशाशी बसणे, त्याचे नाव या तीन ऋणांत नाही. घेणेकरी निघून गेला आणि देणेकरी हात पुढे करून उभा राहिला, अशी ती अवस्था. हे देणे फिटत नाही, आणि टाकूनही देता येत नाही. ते फक्त दुसऱ्याच्या दारी पोचविता येते. स्वतःच्या मुलीला जे देता आले नाही ते परक्याच्या मुलीला देणे, एवढीच वाट उरते. आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या नावे आड खणतात, पाणपोई घालतात. पूर्तकर्मात हाच भाव आहे. पाणी मेलेला पीत नाही, वाटसरू पितो.

मग चालायचे कशाला? शोक हा बुद्धीचा विषय नव्हे, तो अंगात भरलेला असतो. आत्मा अमर आहे हे बुद्धीला पटते; पाय मात्र जागचे हलत नाहीत. १९४८ साली अर्ल शेफर नावाचा एक अमेरिकन सैनिक जॉर्जियापासून मेनपर्यंत दोन हजारांवर मैल डोंगरवाटेने एकटा चालला. ज्या बालमित्राबरोबर ही वाट चालायची ठरली होती, तो महायुद्धात इवोजिमाच्या लढाईत पडला होता. तिथे द्रव्य नव्हते, संस्था नव्हती. केवळ चालणे होते. आणि चालणाऱ्याला लोक भेटतात. त्या तिघा बापांना वाटेत असेच दुःख झालेले आईबाप येऊन मिळत, थोडे बरोबर चालत आणि आपल्या मुलांविषयी बोलत. पाकिटातून धाडलेल्या पैशाने हे होत नाही. मैल मोजता मोजता अहंकार चढतो हा धोका आहेच. पण तो माळ मोजणारालाही आहे. म्हणून कोणी माळ टाकीत नाही.

आता माझी गोष्ट. बंधूचा मुलगा, माझा पुतण्या, बारा वर्षांपूर्वी असाच गेला. घरातला वडील मी. अपमृत्यू म्हणून मी नारायणबली करविला आणि सर्वांना बजावले की त्याचे नाव पुन्हा घरात काढायचे नाही. लोक काय म्हणतील, कीर्तनकाराच्या घरात असे! बंधूने काही बोलायला तोंड उघडले की मी प्रारब्धाचा दाखला देई. शेकडो कीर्तनांत नामाचा महिमा सांगणाऱ्या मी एका मुलाचे नाव त्याच्या बापाच्या तोंडून काढून घेतले. विधीत चूक नव्हती. चूक माझ्यात होती.

त्या तिघांनी २०२२ मध्ये पुन्हा ६०० मैल चालून त्या देशातील चारही विधिमंडळे गाठली. मागणे एकच: हा विषय शाळेत सावधपणे शिकवा, झाकून ठेवू नका. २०२३ च्या मार्चमध्ये लंडनच्या पार्लमेंटात त्यावर चर्चा झाली. जाणते लोक सांगतात की, खिन्न झालेल्या मुलाला "तुझ्या मनात जीव द्यायचे येते का?" असे सरळ विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, उलट त्याला बोलायला वाट मिळते. मला हे बारा वर्षांपूर्वी माहीत असते तर! पुतण्या शेवटच्या आषाढीला माझ्याबरोबर होता. दिवे घाट चढताना तो गप्प होता. मी समजलो, नामात रंगला आहे.

असो. गेलेला परत येत नाही, हे बंधूला उत्तर. पण त्याचे नाव परत येते, आणि त्या नावाने दुसऱ्याचे मूल राहू शकते. येत्या आषाढीला आम्ही दोघे भाऊ चालणार आहोत. वाटेत बंधू मुलाविषयी बोलेल आणि मी ऐकेन. जमेल ते द्रव्य अशा मुलांशी बोलणाऱ्या इकडच्या एखाद्या संस्थेला देऊ. वारकरी हो, दिंडीत शेजारी चालणारा आपल्या गेलेल्या लेकराचे काही सांगू लागला, तर प्रारब्धाचा दाखला देऊ नका. त्याचे नाव विचारा. आणि घरातले पोर गप्प गप्प राहू लागले, तर ते रंगले आहे असे समजू नका. जवळ बसून विचारा, आणि वेळीच वैद्य-डॉक्टरांकडे न्या.

रामकृष्णहरी.