आठ ठोक्यांचे पाऊल



यंदा नाताळच्या कार्यक्रमासाठी आपल्या धर्मग्रामातील शाळा-कॉलेजच्या मुलामुलींनी स्वतः नाच बसवला. सिनेमाचे गाणे नको, लेझीम करू, असे त्यांनीच ठरवले. लाकडी दांडा, लोखंडी साखळी, तिच्यात पत्र्याच्या चकत्या आणि साथीला हलगी. १९८२ साली दिल्लीतील आशियाई स्पर्धांच्या उद्घाटनात महाराष्ट्रातील मुलांनी हीच लेझीम साऱ्या देशाला दाखवली होती.

‘फादर, चर्चच्या आवारात हलगी कशाला?’ असे काहींनी आम्हांला विचारले. तांबडा समुद्र ओलांडल्यावर मिर्यामेने हाती डफ घेतला आणि स्त्रिया तिच्यामागे नाचत निघाल्या. कराराच्या कोशापुढे दावीद राजा देहभान विसरून नाचला. मीखल मात्र खिडकीतून पाहत राहिली आणि तिने मनात त्याला तुच्छ मानले. आपण अंगणात उतरायचे की खिडकीत बसायचे, हे आपणच ठरवायचे आहे.

पण खरे सांगायचे तर, खिडकीत आम्हीच बसलो होतो.

संघात एक मुलगा पायाने अधू आहे. चार ठोक्यांत वळायचे म्हटले की तो मागे पडे आणि सगळी रांग विस्कटे. ‘त्याला पडदा ओढायचे काम द्या, म्हणजे नाच नीट दिसेल,’ असा सल्ला आम्ही दिला. मुले गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी तालमीला गेलो, तर हलगी संथ वाजत होती. चार ठोक्यांचे वळण मुलांनी आठ ठोक्यांचे केले होते, उड्या काढून टाकल्या होत्या. सारी रांग त्याच्या चालीने वळत होती. आम्हांला काही बोलवेना.

सेमिनरीत आम्ही प्लेटो शिकलो. ज्याला समूहात नाचता-गाता येत नाही तो अशिक्षित, असे तो ‘लॉज’ या ग्रंथात म्हणतो. तेव्हा आम्ही परीक्षेपुरते उत्तर लिहिले. त्याचा अर्थ या अंगणात मुलांनी शिकवला. शरीराचे जे अवयव दुबळे वाटतात तेच अधिक गरजेचे आहेत, असे संत पौल करिंथकरांना कळवतो. हे वचन आम्ही वेदीवरून कितीदा समजावून सांगितले असेल!

कार्यक्रमाच्या दिवशीही तो मुलगा दोनदा चुकला. रांग थांबली, त्याला सोबत घेऊन पुढे गेली. टाळ्यांसाठी कोणी थांबले नाही.

प्रियजनहो, आपल्या धर्मग्रामाचे पाऊल कोणाच्या चालीने पडते? दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडावर परततात, तेव्हा त्यांच्या मुलांचे धर्मशिक्षण कितीतरी मागे पडलेले असते. आपण त्यांच्यासाठी थांबतो का? जिना चढता येत नाही म्हणून घरीच राहिलेल्या आजीकडे या आठवड्यात कोण गेले? हलगी संथ करायला पैसा लागत नाही, फक्त मागे वळून पाहावे लागते.

हरवलेल्या एका मेंढरासाठी माघारी फिरणारा प्रभू येशू आपणां सर्वांना ती दृष्टी देवो. आमेन.

आपले धर्मगुरू