छायाचित्राची मागची बाजू

पुण्याच्या मंडईत एखाद्या नवख्या गृहस्थाने मोटार लावण्यास जागा कोठे मिळेल अशी पृच्छा केली, तर भाजीवाला, रिक्षावाला किंवा नाक्यावरचा कोणीही रिकामा मनुष्य त्याला ‘आर्यनला जा’ किंवा ‘मिनर्व्हाला बघा’ असे सांगेल. आणि सांगणारा वयाने तरुण असला, तर ही दोन्ही एके काळी चित्रपटगृहे होती हे त्याच्या कानावर आलेलेही नसेल. महापालिकेच्या दप्तरी या दोन वाहनतळांना रीतसर निराळी नावे आहेत, पण लोकांची जीभ ठराव मानीत नाही.

मंडईला असल्या विपर्यासाचे वावडे कधीच नव्हते. १८८६ साली ‘रे मार्केट’ म्हणून ही अष्टकोनी, मनोऱ्याची वास्तू उभी राहिली, त्याआधी तिच्यावर होणाऱ्या खर्चाला नगरपालिकेत ज्यांनी कडाडून विरोध केला आणि तोच पैसा शिक्षणाकडे वळवावा असा आग्रह धरला, त्या जोतीराव फुल्यांचेच नाव १९३८ मध्ये आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने तिला मिळाले. विरोधकाच्या नावाने इमारत ओळखली जाते, आणि तिच्या शेजारी, पाडलेल्या चित्रपटगृहाच्या नावाने मोटारींचा तळ ओळखला जातो. यात उपहास किती आणि न्याय किती, याचा निवाडा मी अजून करू शकलेलो नाही.

हे सारे आठवण्याचे निमित्त एक छायाचित्र आहे. १९६० च्या आसपास आमच्या थोरल्या काकांनी नवी सायकल घेतली, आणि त्या काळच्या मध्यमवर्गीय कुटुंबात ती घटना लग्नमुंजीच्या खालोखाल मानली जात असल्यामुळे, कोणाकडून तरी डबा कॅमेरा मागून आणून, मंडईच्या बाजूला सायकलीसह उभे राहून त्यांनी आपले छायाचित्र काढवून घेतले. हातावर मावेल एवढा तो कागद, कडांना कातरलेली नक्षी, मधोमध काका, हँडलवर एक हात आणि चेहऱ्यावर मालकीचा निर्भेळ आनंद. काकांच्या उजव्या खांद्यामागे भिंतीचा एक पट्टा दिसतो, त्याच्यावर जाहिरातीचा अर्धामुर्धा कागद आहे. तो पट्टा म्हणजे आर्यन. आमच्या घरात या चित्रपटगृहाची एवढीच निशाणी शिल्लक आहे.

माझ्या स्मरणातले आर्यन एखाद्या राजवाड्याएवढे आहे, आणि मुलांना, पुढे नातवंडांना, मी ते तसेच वर्णन करून सांगत आलो. छायाचित्रातली भिंत काकांच्या टोपीच्या थोडीशीच वर संपते. डबा कॅमेऱ्याच्या भिंगावर दोष ढकलण्याचा मी एकदोनदा प्रयत्न करून पाहिला. परंतु भिंग काकांना आणि भिंतीला निरनिराळी मापे लावीत नाही, आणि सहा-सात वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांनी घेतलेले माप मी वर्षानुवर्षे मुला-नातवंडांना विकीत होतो, एवढाच निष्कर्ष शेवटी हाती उरतो.

मोठेपण म्हणावे तर आर्यनला ते होतेच, फक्त ते विटांच्या उंचीत नव्हते. पुण्यातले हे पहिले कायमचे चित्रपटगृह १९१५ साली सुरू झाले. पडद्याला वाचा फुटायला तेव्हा सोळा वर्षांचा अवकाश होता, आणि मुक्या चित्रांना सूर देण्यासाठी पेटी-तबलेवाले पडद्यापुढे बसून घाम गाळीत. १९२० च्या फेब्रुवारीत बाबूराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ येथेच प्रथम झळकला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली ती याच चित्रपटाच्या निमित्ताने, आणि त्यानंतर सहा महिन्यांच्या आत लोकमान्य गेले. त्यातले कीचकवधाचे दृश्य प्रेक्षकांना इतके खरे वाटले की पुढे त्याला कात्री लागली. ज्या चित्राने हे सारे घडवले, त्याची प्रतही आज कोठे उपलब्ध नाही, आणि ज्या भिंतीआड ते दाखवले गेले, ती भिंत ऐंशीच्या दशकात जमीनदोस्त झाली. मंडईत लोकमान्यांचा पुतळा मात्र १९२४ पासून उभा आहे, आणि अनंत चतुर्दशीची मिरवणूक दरसाल तेथूनच मार्गस्थ होते.

आर्यन पडले तेव्हा मी चांगला पस्तिशीच्या घरातला, नोकरदार, वर्तमानपत्र वाचणारा मनुष्य होतो. पाडकामाच्या दिवसांत मंडईत गेलो होतो किंवा काय, हे मला आठवत नाही. बहुधा गेलोही असेन, कारण भाजी घरी येतच होती. हळहळ मागाहून आली, छायाचित्र सापडल्यावर. मृताच्या मागे त्याचे गुण आठवून रडणाऱ्या, पण हयातीत त्याच्या दारावरून न थांबता जाणाऱ्या नातेवाइकांवर मी याच स्तंभात पूर्वी टीका केली आहे, तेव्हा हा कबुलीजबाब येथेच नोंदवणे भाग आहे.

परंतु मनाला लागलेली गोष्ट हीदेखील नव्हे. माझ्या पुतण्याने ते छायाचित्र आपल्या फोनमध्ये घेतले, दोन बोटांनी मोठे केले, आणि जुन्या पुण्याचे दुर्मीळ चित्र म्हणून चार जणांना पाठवण्याची तजवीज चालवली. खांद्यामागची भिंत नीट दिसावी म्हणून तो चौकट इकडेतिकडे सरकवू लागला, आणि एकदम म्हणाला, “काका, हा माणूस मध्ये येतोय. याला कापून टाकू का?”

तोवर मी त्या माणसाकडे कधी पाहिलेच नव्हते. छायाचित्राच्या डाव्या कडेने एक हमाल चौकटीत शिरलेला आहे. डोक्यावर पाटी, पाटीत बहुधा कोबी किंवा फ्लॉवर, मान ओझ्याखाली ताठ, एक पाय उचललेला. चालत असल्यामुळे त्याचा चेहरा हललेला आहे; नाक, डोळे, मिशा यांचा एक करडा फराटा उमटला आहे, त्यावरून त्याला ओळखणे त्याच्या सख्ख्या भावालाही साधणार नाही. काका स्थिर, सायकल स्थिर, भिंत तर स्थिरच. हलला तो एकटा, कारण थांबला असता तर पाटी गाळ्यावर उशिरा पोचली असती.

एकोणिसाव्या शतकात काचेच्या ओल्या पट्ट्यांवर छायाचित्रे घेत, तेव्हा कॅमेऱ्याचे तोंड कित्येक सेकंद उघडे ठेवावे लागे, आणि तेवढ्या अवधीत जो चालत राही त्याचा पट्टीवर मागमूसही उमटत नसे. त्या काळच्या शहरांची चित्रे पाहताना रस्ते किती निवांत, किती स्वच्छ, असे उद्गार आपण काढतो. ते रस्ते माणसांनी गजबजलेले असतात. फक्त स्वस्थ उभे राहण्याची ज्यांना सवड होती ते, आणि इमारती, एवढेच त्यांत टिकून राहिलेले असतात. पाणके, झाडूवाल्या, पाटीवाले हे सारे आपापल्या कामाच्या वेगात विरघळून गेले. काकांच्या वेळेपर्यंत यंत्र सुधारले होते, म्हणून हमालाचा निदान फराटा तरी उरला. आणि आता त्याहून सुधारलेले यंत्र घेऊन माझा पुतण्या तो फराटाही पुसण्याची परवानगी मागत होता.

मी “काप” म्हणालो. हे लिहिताना लेखणी अडखळते, पण म्हणालो खरे. संध्याकाळची वेळ, चहा निवत होता, आणि मलाही भिंतच पाहायची होती. पुतण्याने हमाल कापला, त्यापाठोपाठ सायकलीचे पुढचे चाक कापले, मग काकाही कापले, आणि भिंत मोठी केली. मोठी होताच ती विरळ, दाणेदार, ओळखू न येणारी झाली. जाहिरातीच्या कागदावरची अक्षरे लागतील अशी आशा होती, ती लागली नाहीत. तरीही चित्र धाडले गेले, आणि उलट टपाली म्हणावे इतक्या त्वरेने हळहळीचे निरोप येऊ लागले. काय ते जुने पुणे, काय ती माणसे, असे एकाने लिहिले. त्या चित्रात एकही माणूस उरलेला नव्हता.

रात्री मूळ छायाचित्र पुन्हा वहीत लावण्यासाठी हातात घेतले, तेव्हा त्याची मागची बाजू पाहिली. काकांच्या वळणदार अक्षरात निळ्या शाईने ‘मंडई, नवी सायकल’ एवढेच लिहिले आहे. आर्यनचा उल्लेख नाही. असण्याचे कारणही नव्हते, त्या दिवशी ते तेथेच होते आणि उद्याही तेथेच असणार होते. मी शिसपेन्सिलीने खाली लिहिले, ‘मागे आर्यन चित्रपटगृह’. त्याखाली लिहिले, ‘पुढे डावीकडे हमाल, नाव’, आणि नावापुढे जागा सोडली.

दुसऱ्या दिवशी पुतण्याला मूळ, न कापलेले छायाचित्र पुन्हा पाठवायला सांगितले आहे. तो म्हणाला, पाठवतो, पण आता कोणी पाहणार नाही.