उसने बळ

एकाच क्रियेला आमच्या घरात तीन शब्द आहेत. माझी आई निपाणीला असते. ती म्हणते, मी पळतो. मी स्वतः म्हणतो, मी धावतो. आणि उज्जैनमध्ये जन्मलेली, तिथल्याच शाळेत शिकणारी माझी मुलगी म्हणते, बाबा दौडायला गेले. पहाटे साडेपाचला बूट घालून कोठी रोडच्या झाडांखालून तासभर जाऊन येणे, एवढीच ती क्रिया. सीमाभागातल्या वाचकाला एका घरात तीन तऱ्हेचे शब्द असण्याचे नवल वाटणार नाही. पण हे तीन शब्द मनात घोळवीत असताना मला असे वाटू लागले की, यात केवळ बोलीचा फरक नाही. एक नैतिक प्रश्नच या तीन शब्दांनी तीन बाजूंनी विचारला आहे.

निपाणीकडच्या बोलीत पळणे म्हणजे नुसते वेगाने जाणे; त्यात दोष नाही. पण पुस्तकी मराठीत पळणारा माणूस कशापासून तरी पळत असतो. धावणारा माणूस कोणाकडे तरी जात असतो. आपण मदतीला धावतो, देवाचा धावा करतो आणि तो धावून येतो असे म्हणतो. दौडतो तो घोडा. त्याच्या दौडीत तोरा असतो आणि ती पाहायला लोक उभे असतात. तेव्हा प्रश्न असा : घर जागे होण्याच्या ऐन वेळी जो गृहस्थ उठून रस्त्यावर जातो, तो नेमके काय करतो? घरापासून पळतो, घरासाठी धावतो, की स्वतःच्याच डोळ्यांपुढे दौडून दाखवतो?

आमच्या लहानपणी हा प्रश्न कोणाला पडला नसता. तेव्हा पळायला कारण लागे. एस.टी. सुटत असे, बैल उधळत असे, पाऊस येत असे. तंबाखूच्या वखारीत दिवसभर उभ्या राहणाऱ्या बाईला किंवा शेतातून डोक्यावर भारा आणणाऱ्या माणसाला व्यायामासाठी वेगळे धावायला सांगितले असते तर त्याने आपल्याकडे काळजीने पाहिले असते. मीही सुट्टीत गावी गेलो असताना एकदा पहाटे निघालो, तेव्हा आई उंबऱ्यातून म्हणाली होती, "कशापायी पळतोस बाबा? मागं कुत्रं लागलंय व्हय?" हा विनोद होता, पण त्यात एक अचूक निरीक्षणही आहे. विनाकारण धावणे हा बसून काम करणाऱ्या माणसाचा शोध आहे. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरात आर्थर लिडियार्ड या प्रशिक्षकाने १९६० च्या दशकाच्या आरंभी साध्यासुध्या, मध्यमवयीन माणसांना सावकाश धावण्याची सवय लावली. अमेरिकेतले प्रशिक्षक बिल बॉवरमन यांनी ते तिथे जाऊन पाहिले आणि मायदेशी नेले. तिथून ही हौस जगभर पसरली. म्हणजे ही रीत अवघ्या साठेक वर्षांची. तिचे धर्मशास्त्र अजून कोणी लिहिलेले नाही. ते ज्याचे त्याने आपल्या घरापुरते लिहायचे आहे.

मी २००४ च्या सिंहस्थाच्या वर्षी नोकरीनिमित्त उज्जैनला आलो आणि येथेच राहिलो. हे गाव काळाचे आहे. ग्रामदैवत महाकाल, त्याचे आजचे मंदिर अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी पुन्हा उभे केले. प्राचीन ज्योतिषांची मध्यरेषा याच गावावरून जात असे. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकातच येथे वेधशाळा बांधली आणि ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये तिची दुरुस्ती करविली. तिथल्या सम्राट यंत्रावर सावलीने दाखवलेली वेळ आणि आपल्या मनगटावरची वेळ जुळत नाही. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची; उज्जैन त्याच्या बरेच पश्चिमेला. त्यामुळे येथली स्थानिक वेळ घड्याळाच्या सुमारे २७ मिनिटे मागे असते. सावली खोटी नाही आणि घड्याळही खोटे नाही. एक वेळ या जागेची आहे, दुसरी सर्वांनी मिळून ठरवलेली आहे.

गृहस्थाश्रमातही अशा दोन वेळा असतात, असे मला वाटते. एक माझ्या शरीराची वेळ. ती पहाटे साडेपाचला मोकळी असते. दुसरी घराची वेळ. ती कधीच मोकळी नसते. साडेपाच ते साडेसहा या तासात दूध येते, नळाला पाणी येते, डबा होतो, वेणी होते, हरवलेली वही सापडते. माझी पत्नी एकदा सहज म्हणाली, "अहो, तुमचं धावणं होतं ना, तेवढ्यात माझं निम्म्या दिवसाचं उभं राहणं होतं." तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, हिशेबाचा होता. धावणाऱ्याच्या प्रत्येक तासामागे कोणीतरी उभे असते, हे विधान कोणत्याही नीतिग्रंथात शोभले असते.

परमुलखात या उभे राहण्याला आणखी एक अर्थ येतो. निपाणीच्या घरात मी तासभर नसलो तरी भाषेचे काही अडत नसे. आजी होती, काकू होती, शेजारी होते. मूल नुसते अंगणात बसले तरी त्याच्या कानांवर मराठी पडत असे. येथे शाळा हिंदी, बाजार हिंदी, मैत्रिणी हिंदी, दूरदर्शन हिंदी. हिंदीशी माझे काही भांडण नाही. तिने आम्हाला प्रेमाने जागा दिली. पण मराठी मात्र आमच्या घरात दोघांच्याच जिभेवर उभी आहे. दोघांतला एक बाहेर असला की तासभर ती निम्मी होते. वेणी घालताना, डबा भरताना, वही शोधताना जे बोलणे होते, तीच खरी मातृभाषा. शिकवणीला बसवून ती येत नाही. भाषा घरात आहे म्हणून ती आपोआप पुढे जाते असेही नाही. मुक्तिबोधांचे घर मराठी. वडील पोलीस खात्यात असल्याने कुटुंब याच मुलखात फिरले, उज्जैनलाही राहिले. त्या एका घरातून गजानन माधव हिंदीचे मोठे कवी झाले आणि धाकटे शरच्चंद्र मराठीचे. दोघांनीही भाषांचे भलेच केले, म्हणून याला हानी म्हणवत नाही. एवढेच कळते की, भाषा हा वाटणीला येणारा वाडा नव्हे. रोज कोणीतरी ती हातात ठेवावी लागते, आणि त्याला वेळ लागतो.

आता या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे आहेत. पहिले उत्तर त्यागाचे : संसारी माणसाने असले शौक सोडावेत, घर आधी. ऐकायला हे उदात्त वाटते. पण घरासाठी आपण काय काय सोडले याची वही मनात ठेवणारा माणूस आपण सर्वांनी पाहिलेला असतो. तो घरात असतो आणि घराला त्याचे ओझे होते. त्याच्या त्यागाचे व्याज मुलांना फेडावे लागते. ज्याला स्वतःचा म्हणून एक तासही नाही, त्याच्याजवळ इतरांना देण्यासारखे फार काळ काही उरत नाही.

दुसरे उत्तर उपयोगाचे : मी धावतो ते तुमच्यासाठीच, मी धडधाकट राहिलो तर घर राहील. हे उत्तर अधिक लोकप्रिय आहे आणि अर्धे खरेही आहे. पण ते पुरते प्रामाणिक नाही. कोठी रोडवर पहाटेचा गारवा अंगाला लागतो, श्वास आणि पाय यांची लय जमते, त्या क्षणी माझ्या मनात कुटुंबाचे कल्याण नसते. तिथे मी कोणाचा बाप नसतो, नवरा नसतो, नोकर नसतो; म्हणूनच तो आनंद असतो. आणि आरोग्याची हमी तरी कोणी दिली आहे? धावण्यावर १९७७ साली गाजलेले पुस्तक लिहिणारे अमेरिकन लेखक जिम फिक्स १९८४ मध्ये धावत असतानाच हृदयविकाराने गेले, वय ५२. त्यांचे वडील त्याहून तरुणपणी हृदयविकारानेच गेले होते, तेव्हा धावण्याने त्यांना काही वर्षे दिली असेही म्हणता येईल. पण फळावर डोळा ठेवून केलेल्या कर्माचे फळ असे बेभरवशाचे असते. आनंदाला सेवेचा सदरा घालण्यापेक्षा, हा माझा आनंद आहे असे सरळ म्हणणे बरे.

मग गीतेतल्या निष्कामतेचा आधार घ्यावा का? कशासाठीही न धावणे हे जवळजवळ निष्काम कर्मच, असा युक्तिवाद एका मित्राने केला होता. तो चतुर आहे, पण एक गोष्ट त्यातून निसटते. माझे कर्म निष्काम व्हावे म्हणून दुसऱ्या कोणाला तरी तेवढा वेळ सकाम कर्मात, दुधाच्या पातेल्यापाशी, उभे राहावे लागते.

दूर मेक्सिकोत, चिवावा राज्याच्या खोल दऱ्यांत, रारामुरी नावाचे लोक राहतात. भोवती सगळे स्पॅनिश. घरात त्यांची स्वतःची भाषा. लांब धावण्यासाठी ते जगभर प्रसिद्ध आहेत. पण त्यांच्या शर्यतीत माणूस एकटा नसतो. दोन बाजू असतात, पुरुष पायाने लाकडी चेंडू उडवीत पुढे नेतात, बायकांच्या शर्यतीत कडी असते, रात्र झाली की गावकरी मशाली घेऊन बरोबर निघतात. तिथे धावणे हे घरातून निसटणे नसून गावात मिसळणे आहे. आपल्याकडे पंढरीच्या वारीचे चालणे असेच आहे. दिंडीतला माणूस घर सोडतो आणि मोठ्या घरात जातो. माझ्यासारख्या एकट्या धावणाऱ्याला ती सोय नाही. तरीही मला उत्तराची दिशा सापडली ती अशाच एका वाटचालीत, आणि तीही उज्जैनमध्येच.

दरवर्षी तिथल्या पंचांगाप्रमाणे वैशाख वद्य दशमीला पंचक्रोशी यात्रा निघते. आपल्या पंचांगाने तो महिना चैत्रच असतो. उन्हाचा कहर असतो आणि हजारो माणसे, बहुतेक माळव्याच्या खेड्यांतली, डोक्यावर शिध्याचे गाठोडे घेऊन ११८ किलोमीटर चालतात. निघण्याआधी ती पटणी बाजारातल्या नागचंद्रेश्वराकडे जातात आणि त्याच्याकडून बळ मागून घेतात. अमावास्येला यात्रा पुरी झाली की पुन्हा तिथे येतात, मातीचा घोडा वाहतात आणि घेतलेले बळ परत करतात.

या विधीत पापपुण्याचा प्रश्न मागे पडतो आणि ऋणाचा पुढे येतो. चालणे चांगले की वाईट असे तिथे कोणी विचारत नाही. बळ माझे नव्हते, मी ते मागून घेतले, काम झाले, परत केले, इतकेच. गृहस्थाच्या तासाला हीच रीत लागू पडते असे मला वाटते. तो तास चोरीचा नाही आणि हक्काचाही नाही. तो उसना आहे. उसन्याचे नियम आपल्या आयाबायांना पाठ असतात. घेताना सांगून घ्यायचे. मापाने घ्यायचे. आणि जे घेतले तेच परत करायचे. वाटीभर साखर नेली तर साखरच, तिच्या बदल्यात कौतुकाचे चार शब्द चालत नाहीत. वेळ घेतला तर वेळच द्यावा लागतो. साडी, सहल, दागिना यांनी ते खाते मिटत नाही.

आमच्या घरी म्हणून एक साधी रीत आहे. मी एक दिवसाआड जातो. मधल्या दिवशी सकाळचा तास माझा. पातेले, डबा, वेणी, वही आणि त्यांच्या बरोबरीने चालणारे बोलणे. त्या तासात पत्नी काय करते हे मी विचारत नाही. कधी ती बाहेर जाते, कधी नुसती झोपते. परत केलेल्या साखरेचे काय केले असे शेजारणीला कोणी विचारीत नाही. वेणी माझी वाकडीच होते. पण त्या गडबडीत मुलगी मला "दौडणे" शिकवते आणि मी तिला "धावणे" देतो, अशी देवघेव चालते.

येथेच थांबता आले असते तर बरे झाले असते. पण उसन्याचा हिशेब एकदा मांडला की तो घराच्या उंबऱ्याशी थांबत नाही. मी उज्जैनला आलो तेव्हा निपाणीला दादा राहिला. आईची औषधे, रात्री-अपरात्री दवाखाना, घराची कौले, नात्यातली लग्ने, मयते, हे सगळे गेली वीस-बावीस वर्षे दादा आणि वहिनी पाहतात. नोकरीसाठी, शिक्षणासाठी दूर गेलेले आपण सगळेच एका अर्थाने लांब पल्ल्याचे धावणारे आहोत. आपल्या धावण्यामागेही कोणीतरी एका जागी उभे आहे. हे ऋण दिवसाआड फिटणारे नाही. दादाचा तास मी त्याला परत देऊ शकत नाही. आईचे म्हातारपण फार तर वर्षातून पंधरा दिवस माझ्या वाट्याला येते. आईचा तो "पळतोस" शब्द या ठिकाणी मला फार खोल वाटतो, जरी तिच्या मनात तसे काही नव्हते.

मग काय करायचे? यात्रेकरूंकडे पाहावे. पाच दिवस पायांनी वाहिलेले बळ आणि बाजारात मिळणारा मातीचा घोडा यांची किंमत सारखी नाही, हे त्यांनाही ठाऊक असते. घोडा ही फेड नव्हे. फेड बाकी आहे याची ती कबुली आहे. पण ती कबुली मनातल्या मनात देऊन चालत नाही, तिथवर पायांनी जावे लागते आणि हातांनी वाहावी लागते. दूर गेलेल्यांनी दिवाळीला गावी जाणे हे मला त्या जातीचे वाटते. चार दिवसांत वहिनीच्या हातातले पातेले आपण घ्यावे, आईला दवाखान्यात आपण न्यावे, दादाला कुठे जायचे असेल तिथे जाऊ द्यावे. तेवढ्याने खाते मिटत नाही. पण खाते आहे हे दोन्ही बाजूंना कळते, आणि मागे उभे राहणाऱ्याला बहुधा तेवढेच हवे असते.