धुरा

आमच्या दौलताबादच्या शिवारात बांधाला धुरा म्हणतात. धुरा कोरणं हे शेतकऱ्याचं जुनं पाप. नांगरताना दर साली एक तास शेजाऱ्याच्या अंगात घ्यायचं, बास. कुणी याला चोरी म्हणत नाही, पण भांडणं, डोकी फुटणं अन् कोर्टाच्या खेपा यातूनच होतात.

हे पाप मीही केलंय. माझ्या रानाला लागून एका मराठी ख्रिस्ती मास्तरांचं रान होतं. शाळा सुटली की ते शेतात यायचे. लग्नानंतरच्या उमेदीत मी लागोपाठ तीन साल त्यांच्या बाजूचा धुरा कोरला. दीड हात रुंदीची पट्टी माझ्याकडं आली. मास्तर चकार शब्द बोलले नाहीत. नाताळाला त्यांच्या घरून दरसाल करंज्यांचं ताट यायचं, ते त्या सालीही आलं. मी करंजी उचलली तशी बायको म्हणाली, "ज्यांचं खाता, त्यांचाच धुरा कोरता."

करंजी घशाखाली उतरेना. दुसऱ्या दिवशी मी मास्तरांकडं गेलो.

"मास्तर, धुरा मी कोरलाय."

"ठाऊक आहे. पहिल्याच साली दिसलं होतं."

"मग बोलले काहून नाही?"

"तुला माफ केलं होतं तेव्हाच. पण ते घ्यायला तू यायला पाहिजे होतास."

मला हायसं वाटलं. म्हणलं, "मग मिटलं म्हणायचं."

मास्तर हसले. "माझ्या मनात मिटलं. पट्टी अजून तुझ्याकडंच आहे."

मग त्यांनी मला जक्कयाची गोष्ट सांगितली. जक्कय हा जकात वसूल करणारा, लोकांना नाडून गबर झालेला. येशू वाटेनं जाताना त्याला बघून थांबला अन् म्हणाला, आज तुझ्या घरी मुक्काम. आधी हिशोब दाखव, असं काही म्हणाला नाही. पण पाहुणा घरात आल्यावर जक्कयच उभा राहिला अन् बोलला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, ज्याला फसवलं त्याला चौपट देतो. "क्रम बघ," मास्तर म्हणाले. "आधी माफी, मग परतफेड. परतफेड करून माफी विकत घेतली नाही त्यानं."

मी वारकऱ्याच्या घरातला. पेरलं तसं उगवतं, हे लहानपणापासून कानावर. मला ते पटेना. म्हणलं, "माफी अशी फुकट वाटली तर माणूस पुन्हा धुरा कोरील."

"कोरील. काहीजण कोरतातच," मास्तर म्हणाले. "पण भीतीनं न कोरणारा माणूस रात्री अंधारात काय करील, त्याचा तरी काय भरवसा?"

यावर मी पुढं पुष्कळ विचार केला. मला वाटायचं, ख्रिस्ती लोकांचं तारण म्हणजे डेअरीच्या दुधासारखं असेल. आज्ञा पाळल्या की मापात स्वर्ग मिळतो. मास्तरांच्या श्रद्धेत तसं नव्हतं. तारण ही त्यांच्या लेखी मजुरी नव्हती, बापानं दिलेली देणगी होती. आज्ञा पाळायची ती मिळावं म्हणून नाही, मिळालं म्हणून. आदामाचं पापही ते तसंच सांगायचे. सगळी बाग दिली, एकच झाड राखलं. आदामाला वाटलं, मालकानं आपल्यापासून काहीतरी लपवलं. फळ तर नंतर तोडलं, आधी भरवसा तुटला. मीही तेच केलं होतं. पाच एकर रान असताना मला दीड हात कमी पडत होतं.

आता प्रश्न राहतो, आज्ञा पाळायची ती कुणाची? धर्माच्या नावानं हुकूम सोडणारे सगळीकडं असतात. याचं उत्तर मला पंडिता रमाबाईंच्या चरित्रात सापडलं. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज इथं त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या धर्मभगिनींना वाटायचं, चर्च सांगेल ते बाईनं निमूट मानावं. रमाबाई ऐकेनात. एका पुरोहितशाहीचं जू मोठ्या कष्टानं फेकलेली बाई दुसरं जू मानेवर कशी घेणार? लोक म्हणाले, ही हेकट. पण 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात उपाशी मरणाऱ्या पोरींना आणायला हीच बाई धावली अन् केडगावला त्यांना आसरा दिला. त्या जागेचं नाव मुक्ती. हुकमाला नाही म्हणणारी बाई देवाच्या हाकेला ओ देऊन गेली. दोन्हीला आपण एकच शब्द लावतो, आज्ञापालन. पण मला त्यात जमीन-अस्मानाचा फरक दिसतो.

माझ्या धुऱ्यावरून देवगिरीचा किल्ला दिसतो. तिथले किल्लेदार जनार्दनस्वामी. त्यांच्याकडं नाथमहाराज पैठणहून आले अन् हिशोब लिहू लागले. एका रात्री एका पैची चूक सापडेना. पहाटे सापडली तशी त्यांनी आनंदानं टाळी वाजवली, असं सांगतात. स्वामी म्हणाले, एका पैच्या चुकीचा एवढा आनंद, तर संसारातली मोठी चूक सापडल्यावर केवढा होईल! लहानपणी ही गोष्ट ऐकली तेव्हा कळलं नव्हतं, चूक सापडल्याचा कसला आनंद? त्या नाताळात कळलं.

आम्ही दोघांनी दोर लावून पट्टी मोजली अन् हद्दीचा दगड जुन्या जागी रोवला. मी म्हणलं, "मास्तर, चौपट देऊ का?" ते म्हणाले, "घेतलीस तेवढी दे. जक्कयाचा आकडा जक्कयाला."

मास्तर जाऊन बरीच वर्षं झाली. मी गळ्यातली माळ काढली नाही, त्यांनीही कधी काढ म्हणलं नाही. त्यांचा पोरगा शहरात असतो, रान बटईनं देतो. धुऱ्यावर लक्ष ठेवायला आता कुणी नाही. तरी नांगरट आली की मी पोराला सांगतो, त्या बाजूनं एक तास अलीकडंच सोड.