मुलांची दूरचित्रवाणी आणि संयमाचे शिक्षण

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगातील ५ ते १९ वर्षे वयाची ३९ कोटींहून अधिक मुले अतिवजनी होती आणि त्यांपैकी सुमारे १६ कोटी स्थूल, म्हणजे आरोग्याला बाधक ठरेल इतका मेद शरीरात साठलेली, होती. या प्रश्नाचा वैद्यकाच्या आणि सार्वजनिक धोरणाच्या अंगाने पुष्कळ विचार झाला आहे. परंतु त्याच्या मुळाशी एक नीतिशास्त्रीय प्रश्न आहे. हिताहित पारखण्याची शक्ती ज्या वयात अजून घडत असते, त्या वयातील मुलाच्या इच्छेला वळण लावण्याचा अधिकार कोणाला आहे आणि ते वळण कोणत्या साधनाने लावणे न्याय्य आहे? दूरचित्रवाणी या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना उभी आहे. स्थूलता वाढवणाऱ्या कारणांत तिची गणना होते आणि त्याच स्थूलतेवरचा उपाय म्हणूनही तिच्याकडे पाहिले जाते. त्यामुळे हा प्रश्न तिच्या संदर्भात विशेष तीव्र होतो.

कारण म्हणून तिची भूमिका प्रथम लक्षात घ्यावी लागते. अमेरिकेत डिएट्झ आणि गॉर्टमेकर या संशोधकांनी १९८५ साली मुलांचे दूरचित्रवाणी पाहणे आणि त्यांची स्थूलता यांचा संबंध दाखवून दिला. १९९९ साली थॉमस रॉबिन्सन यांनी प्रसिद्ध केलेल्या शालेय प्रयोगात पडद्यासमोरचा वेळ कमी केलेल्या मुलांच्या देहभार निर्देशांकात, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दर्शवणाऱ्या मापात, इतर मुलांपेक्षा कमी वाढ झाली. पडद्यासमोर बसून हालचाल घटते एवढेच याचे कारण नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, ज्या मुलांनी खाद्यपदार्थांच्या जाहिराती असलेले व्यंगचित्र पाहिले, त्यांनी अन्य जाहिराती पाहणाऱ्या मुलांपेक्षा समोर ठेवलेला खाऊ ४५ टक्के अधिक खाल्ला, आणि तो खाऊ जाहिरातीतला नव्हता. एखादी वस्तू विकण्यापलीकडे जाऊन जाहिरात खाण्याची इच्छाच चेतवते, आणि तीही मुलाला त्याची जाणीव होऊ न देता, असा या निष्कर्षाचा अर्थ आहे.

उपाय म्हणून दूरचित्रवाणी वापरण्याचे दोन प्रयत्न विशेष प्रसिद्ध आहेत. अमेरिकेतील ‘सेसमी स्ट्रीट’ या १९६९ पासून चालत आलेल्या कार्यक्रमाने २००५ च्या सुमारास आरोग्यदायी सवयींना मध्यवर्ती स्थान दिले आणि बिस्किटांचा अनावर लोभ असलेल्या कुकी मॉन्स्टर या पात्राला, बिस्किट हे रोज नव्हे तर कधीतरी खाण्याचे अन्न आहे, हे शिकायला लावले. आइसलँडमध्ये मॅग्नुस शेविंग या व्यायामपटूच्या कल्पनेतून ‘लेझीटाऊन’ ही मालिका जन्मली आणि २००४ पासून ती जगभर दाखवली गेली. तिचा नायक स्पोर्टॅकस फळेभाज्यांना ‘खेळाडूंची मिठाई’ म्हणतो, वेळेवर झोपतो आणि साखर खाल्ली की गळून पडतो. आळशी रॉबी रॉटन मात्र मुलांना पुन्हा निष्क्रियतेकडे ओढण्याचे बेत आखत राहतो.

या प्रयत्नांवर एक गंभीर आक्षेप घेता येतो. लाडक्या पात्राच्या आकर्षणाने मुलाला सफरचंदाकडे वळवणे आणि त्याच आकर्षणाने त्याला तळलेल्या खाऊकडे वळवणे यांत साध्य वेगळे असले तरी साधन एकच आहे. २००७ साली रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३ ते ५ वर्षांच्या मुलांना तेच पदार्थ साध्या आणि मॅकडोनाल्ड्सच्या वेष्टनात दिले, तेव्हा मुलांना मॅकडोनाल्ड्सच्या वेष्टनातले पदार्थ, अगदी गाजरेसुद्धा, अधिक चविष्ट वाटले. साधारण आठ वर्षांखालील मुलाला जाहिरातीमागचा मन वळवण्याचा हेतू नीट उमगत नाही, असे बालमानसशास्त्र सांगते. ज्याला हेतू उमगत नाही त्याची संमती कशी मानायची? माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये, या कांटच्या नीतिसूत्राच्या कसोटीवर सद्हेतूने केलेले मनोवशीकरणही संशयास्पद ठरते.

या आक्षेपाला ॲरिस्टॉटलच्या विचारात उत्तर सापडते. त्याच्या मते सद्गुण उपदेशाने येत नाही, तो कृतीच्या आवर्तनाने मुरतो. कशात सुख मानावे आणि कशाचा वीट यावा याचे वळण बालपणीच लागावे लागते, कारण बुद्धी प्रौढ होईपर्यंत इच्छा वाट पाहत थांबत नाही. व्यक्तिस्वातंत्र्याचा कैवारी जॉन स्टुअर्ट मिल यानेही आपले तत्त्व प्रौढांपुरतेच मर्यादित ठेवून मुलांना त्यातून वगळले होते. मुलाच्या इच्छेवर कोणाचाच प्रभाव पडू नये, ही अपेक्षा त्यामुळे पोकळ ठरते. घर, शाळा किंवा बाजार यांपैकी कोणीतरी ती इच्छा घडवतच असते. खरा प्रश्न मुलाला घडवणारा प्रभाव कोणत्या जातीचा आहे, हा आहे.

हा भेद पारखण्यासाठी दोन प्राचीन कथा उपयोगी पडतात. पाली संयुत्तनिकायातील दोणपाकसुत्तात कोसलचा राजा पसेनदी भरपेट जेवून धापा टाकत बुद्धांकडे येतो. बुद्ध मिताहाराचे महत्त्व सांगणारी एक गाथा उच्चारतात, तेव्हा राजा मागे उभ्या असलेल्या सुदस्सन या तरुणाला ती पाठ करून रोज भोजनाच्या वेळी म्हणायला सांगतो आणि त्याबद्दल दररोज शंभर कार्षापण देऊ करतो. राजाचा आहार हळूहळू घटत जातो आणि त्याचे शरीर हलके होते. ऐन भोजनाच्या वेळी नियमाने कानावर पडणारा हा संदेश प्रसारणाच्या फार जवळचा आहे. मात्र तो म्हणणारा राजाने स्वतः नेमला आहे, त्याचा हेतू राजाला ठाऊक आहे आणि आहारावरचा ताबा अखेर राजाकडेच राहतो. मूल स्वतः असा सुदस्सन नेमू शकत नाही. त्याच्या वतीने तो निवडण्याचे दायित्व पालकांवर आणि समाजावर येते.

दुसरी कथा कठोपनिषदातील आहे. तिथे कुमारवयातील नचिकेत्यासमोर यम पुत्रपौत्र, हत्तीघोडे, सुवर्ण, भूमी आणि दुर्लभ भोग ठेवतो, आणि ते सारे नाकारल्यावरच त्याला श्रेयस म्हणजे कल्याणकारक आणि प्रेयस म्हणजे केवळ प्रिय वाटणारे, यांतला भेद शिकवतो. इथे मोह दाखवणारा आणि ज्ञान देणारा एकच आहे. मुलाने नकार द्यावा आणि त्या नकारातून त्याची पात्रता सिद्ध व्हावी, यासाठीच यमाने दाखवलेला मोह आहे. जाहिरातदार मोह दाखवतो तो नकार येऊ नये म्हणून. मुलांच्या कार्यक्रमाची कसोटी यातून हाती येते: तो मुलाचा विवेक, म्हणजे स्वतः पारखून निवडण्याची शक्ती, वाढवतो की पात्राच्या लोभापोटी एक वस्तू सोडून दुसरी धरायला लावतो? स्पोर्टॅकसवाचून सफरचंद नकोसे वाटणारे मूल संयम शिकलेले नसते. कुकी मॉन्स्टरचे उदाहरण या दृष्टीने अधिक मोलाचे आहे, कारण त्याची आवड नाहीशी होत नाही. ती असूनही ‘आज नको’ म्हणण्याची धडपड मुलाला दिसते आणि ती आपलीशी करता येते.

संयमाच्या शिक्षणाला दोषारोपाचे रूप येण्याचा धोकाही ओळखावा लागतो. ख्रिस्ती परंपरेत खादाडपणा आणि आळस यांची गणना सात महापातकांत झाली. त्या गणनेची छाया आजही जाड शरीराकडे पाहणाऱ्या नजरेत टिकून आहे. स्थूलतेमागे आनुवंशिकता, स्वस्त आणि अतिप्रक्रियायुक्त अन्न, मैदानांचा अभाव आणि कुटुंबाची आर्थिक स्थिती अशी अनेक कारणे असतात. आळशी तेवढा वाईट आणि चपळ तेवढा चांगला, अशी विभागणी मालिकेने केली, तर जाड मुलाला आपले शरीरच आपला अपराध वाटू लागते. गीतेच्या सहाव्या अध्यायातील युक्ताहाराची कल्पना इथे अधिक न्याय्य ठरते, कारण तिच्यात अति खाण्याइतकेच मुळीच न खाणे आणि अति झोपेइतकेच अति जागरणही योगाला बाधक मानले आहे. युक्त म्हणजे योग्य प्रमाणात असलेले. या दृष्टीत शरीराचा द्वेष नाही.

मुलाच्या वतीने निवड करण्याचे दायित्व कायद्याने स्वीकारल्याची उदाहरणे आहेत. कॅनडातील क्वेबेक प्रांताने १९८० पासून १३ वर्षांखालील मुलांना उद्देशून जाहिराती करण्यास बंदी घातली आणि १९८९ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर ही मर्यादा येते हे मान्य करूनही, मन वळवणाऱ्या तंत्रापुढे दुबळ्या असलेल्या वयाचे रक्षण न्यायालयाने उचित मानले. भारतात २०२२ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांनी मुलांच्या कार्यक्रमांत आणि केवळ मुलांसाठी असलेल्या वाहिन्यांवर चिप्स, शीतपेये यांसारख्या निकस खाद्याच्या जाहिरातींना मनाई केली. ज्या देशात कुपोषणाची चिंता अजून संपलेली नाही, तिथे पाच वर्षांखालील अतिवजनी मुलांचे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांच्या चौथ्या आणि पाचव्या फेऱ्यांदरम्यान २.१ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर गेले, हे ध्यानात घेतले म्हणजे या नियमाची निकड कळते. मात्र मुलांचा पडदा आता वाहिनीपुरता उरलेला नाही. तो मोबाइलवर आला आहे, आणि नियमांचा आशय तिथपर्यंत पोचायला हवा.

या विवेचनातून कर्तव्यांचा एक क्रम निघतो. हेतू न उमगणाऱ्या मुलाच्या इच्छेवर नफ्यासाठी ताबा मिळवू न देणे, हे समाजाचे पहिले कर्तव्य आहे, आणि ते पार पाडल्यावाचून सद्बोधपर मालिका काढणे म्हणजे जखम करणाऱ्याला मोकळे सोडून मलमाची तरतूद करणे आहे. दुसरे कर्तव्य कार्यक्रम निर्मात्यांचे: मुलाला आपल्या पात्राचा अनुयायी न करता त्याला स्वतःच्या भुकेचा जाणकार करणे. तिसरे कर्तव्य घराचे, कारण सवय ज्या आवर्तनाने मुरते ते आवर्तन रोजच्या ताटावर आणि खेळाच्या अंगणातच घडते. दूरचित्रवाणी संयमाची ओळख करून देऊ शकते, त्याची गोडीही लावू शकते; पण मुलाच्या ठायी तो रुजवण्याचे काम सोबत जेवणाऱ्या आणि सोबत खेळणाऱ्या माणसांनाच करावे लागते, आणि त्या माणसांना त्यासाठी वेळ, सकस अन्न आणि मोकळी जागा मिळवून देणे हा न्यायाचाच भाग आहे.