मनातला आणि चौकातला

समोर दहा पायऱ्यांची शिडी आहे असं समजा. वरची पायरी म्हणजे तुमच्या वाट्याला येऊ शकेल असं उत्तमातलं उत्तम आयुष्य, तळ म्हणजे सर्वांत वाईट. आज तुम्ही कुठे उभे आहात? या एका प्रश्नाच्या उत्तरांवरून दरवर्षी देशांची आनंदानुसार यादी लागते. २०२५च्या यादीत १४७ देशांत भारत ११८वा होता आणि फिनलंड सलग आठव्यांदा पहिला. यादी आली की आपल्याकडे दोन दिवस वाद रंगतो. पाहणीच चुकीची, असं काही जण म्हणतात. बाकीचे म्हणतात, आनंद काय मोजायची गोष्ट आहे? तो तर मनात असतो.

या शेवटच्या वाक्यावर शिबिरं, व्याख्यानं आणि मोबाइलवरची ध्यानाची अ‍ॅप असा मोठा बाजार चालतो. वाक्य खोटं नाही, पण फार सोयीचं आहे. आनंद ज्याच्या त्याच्या मनात असेल, तर दुःखाचा ठपकाही ज्याच्या त्याच्यावरच. डिसेंबर २०२३मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात अचानक बंद केली आणि नाशिक जिल्ह्यात भाव कोसळले. त्या आठवड्यात ट्रॉली भरून लासलगावच्या वाटेला लागलेल्या शेतकऱ्याला ‘सुख आतून येतं’ असं सांगायला बरंच धाडस लागलं असतं.

पैशाबद्दलही असंच अर्धवट सांगितलं जातं. लॉटरी लागलेले आणि अपघातात अपंग झालेले लोक काही काळाने सारखेच सुखी असतात, हा दाखला व्याख्यानांतून हमखास येतो. मूळ अभ्यास १९७८चा, फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांचा. त्यात लॉटरीवाले होते २२ आणि अपघातग्रस्त २९. लॉटरीवाले इतरांपेक्षा विशेष सुखी नव्हते, हे खरं. पण अपघातग्रस्त इतरांपेक्षा कमी सुखी होते, आणि हा भाग सांगताना गळतो. पुढे २०२०मध्ये स्वीडनमधल्या बड्या लॉटरी विजेत्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचं आयुष्याबद्दलचं समाधान कित्येक वर्षांनंतरही वाढलेलंच दिसलं. पैशाने सुख मिळत नाही, हे बहुधा पगार वेळेवर होणाऱ्यांचं मत असावं.

मग पैसा आणि मन यांच्यापलीकडे आणखी काय असतं? त्यासाठी रंगपंचमीला जुन्या नाशकात जायला हवं.

बऱ्याच ठिकाणी लोक धुळवडीला रंगतात. नाशिककर पंचमीपर्यंत थांबतात. तिवंधा चौक, दिल्ली दरवाजा, पंचवटीतला शनी चौक अशा ठिकाणी रस्त्याखाली दगडी बांधणीचे हौद आहेत. त्यांना म्हणतात रहाड. त्या पेशवेकाळापासूनच्या असल्याचं सांगतात. वर्षभर त्या लाकडी ओंडके आणि माती टाकून बुजवलेल्या असतात. वरून रिक्षा जातात, भाजीच्या गाड्या लागतात. नवख्याला पत्ताही लागत नाही की आपण हौदावर उभे आहोत. पंचमी जवळ आली की माती काढायची, हौद धुवायचा, फुलांपासून केलेला रंग मोठ्या कढयांत उकळायचा. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, पूजेचा मान ठरलेला. पूजा झाली की धप्पा! काठावरून अशी उडी घ्यायची की पाणी उसळून भोवतालच्या गर्दीला भिजवून काढेल. रंग अंगावरून लवकर जात नाही आणि तो जावा अशी घाईही कुणाला नसते.

व्यवहाराच्या हिशेबात हे सगळं निरुपयोगी आहे. एका दिवसासाठी भर वस्तीतली जागा अडवायची, खोदायची आणि पुन्हा बुजवायची! पण उडी मारणाऱ्याला त्या क्षणी जे मिळतं, ते त्याला घरच्या न्हाणीघरात कितीही रंग कालवला तरी मिळणार नाही. एमिल दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९१२च्या ग्रंथात अशा सामूहिक उसळीबद्दल लिहिलं आहे. माणसं एकत्र येतात, एकच काहीतरी करतात आणि प्रत्येकाला आपल्यापेक्षा मोठं काही अंगात आल्यासारखं वाटतं. दुर्खीमने ते ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या विधींवरून मांडलं, स्वतः तिकडे न जाता. नाशिकला तर तो आलाच नाही, नाहीतर त्याचे कपडे वाचले नसते.

मात्र सामूहिक आनंदाला काठ असतो, आणि काठावर कोण उभं आहे हे पाहावंच लागतं. रहाडीत उड्या मारणाऱ्यांत आजही पुरुषच जास्त. शनी चौकापासून काळाराम मंदिर जवळच आहे. तिथे २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्यात आघाडीवर होते. त्या वर्षीच्या रामनवमीला रामाचा रथ ओढण्यावरून दगडफेक झाली. म्हणजे गावाच्या उत्सवात दोराला हात लावण्याचा हक्क मागितला, त्यावर दगड मिळाले. सत्याग्रह पाच वर्षं चालला, मंदिराचं दार उघडलं नाही. १९३४मध्ये गायकवाडांना लिहिताना आंबेडकरांनी स्पष्ट केलं की मूर्तिपूजेची ओढ हे लढ्याचं कारण नव्हतं. आपल्या लोकांना स्वतःच्या स्थितीची जाणीव व्हावी, त्यांच्यात चेतना यावी, म्हणून तो होता. आनंदाच्या पाहण्यांत सन्मानासाठी स्वतंत्र शिडी नसते. पण ज्याला दोराला हात लावू दिला जात नाही, त्याने मनात आनंद शोधावा हा सल्ला उद्धटपणाचाच ठरतो.

कुणी म्हणेल, आम्हाला गर्दीच नको, एक पुस्तक पुरे. ठीकच. पण नाशकात तसा एकांत मिळतो तो १८४०पासून चाललेल्या सार्वजनिक वाचनालयासारख्या ठिकाणी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या अनोळखी माणसांनी जमवलेल्या पुस्तकांत.

सुरुवातीची २०२५ची यादी ज्या अहवालात आहे, त्यातच एक गमतीचं प्रकरण आहे. तुमचं हरवलेलं पाकीट अनोळखी माणूस परत करेल का, असं लोकांना विचारलं गेलं. ज्यांना तसा भरवसा वाटतो ते जास्त सुखी निघाले. जगभर प्रत्यक्ष पाकिटं टाकून पाहिली, तेव्हा ती लोकांच्या अंदाजाच्या जवळपास दुप्पट वेळा परत आली. हा प्रयोग नाशिकच्या रविवार कारंजावर करून पाहायला हरकत नाही. पाकीट कुणाचं टाकायचं, एवढाच काय तो प्रश्न.